दुसरी प्रत

१

हे मी शिसपेन्सिलीने लिहिते आहे, आणि डाव्या हाताने. अक्षर वाकडंतिकडं आहे ते मलाही दिसतंय. जिथे अडाल तिथे डोळे बारीक करा आणि पुढे चला.

आमचं गाव डॅन्यूबच्या काठाला. नगरपालिकेच्या तळमजल्यावर डावीकडे तिसरं दार, ती जन्ममृत्यू नोंदणीची खोली. तिथे मी सव्वीस वर्षं आहे. नेमणुकीच्या कागदावर मी सफाई कामगार. पण झाडू साडेसातला मारून होतो, त्यानंतर दिवसभर मी रजिस्टरं शिवते. पानांवर पेन्सिलीने आकडे घालायचे, दाभणाने तीन भोकं पाडायची, दोरा ओवायचा, दोऱ्याची टोकं शेवटच्या पानाला चिकटवायची आणि खाली लिहायचं, यात इतकी पानं आहेत. त्यावर आमच्या नोंदणी अधिकारी ओर्तान्सा मॅडमचा शिक्का. मग त्यात एक पान घालायची किंवा काढायची कुणाची छाती होत नाही.

शाळा माझी चार इयत्ता. पुढे घरात तंबाखूची पानं ओवायला हात हवे होते. पण त्या चार वर्षांत मास्तरीणबाईंनी पट्टीने माझं अक्षर असं घडवलं की वकील लोक विचारतात, हे कुणाचं. बारा वर्षांपूर्वी ओर्तान्सा मॅडमचे हात कापायला लागले. तेव्हापासून समासातले शेरे मीच लिहिते. सही त्यांची, अक्षर माझं.

शेरा म्हणजे असं. जन्माच्या प्रत्येक पानाला उजवीकडे चार बोटं समास सोडलेला असतो. माणसाचं लग्न झालं, तिथे शेरा. काडीमोड झाला, शेरा. मेला, की शेवटचा शेरा: मयत, अमुक तारीख, अमुक क्रमांक. मी शब्द आधी लिहिते आणि तारखेची जागा मोकळी सोडते, दाखला सही होऊन आला की तारीख भरते. ही माझी सवय आहे.

आणि प्रत्येक रजिस्टर दोन प्रतींत. पहिली आमच्याकडे, दुसरी जिल्ह्याला. आग लागली, पूर आला, तरी एक उरावी म्हणून. एका प्रतीत जे चढलं ते दहा दिवसांत दुसरीत चढलंच पाहिजे. राजा गेला, कम्युनिस्ट पक्ष आला, पक्षही गेला. हा नियम राहिला.

२

सप्टेंबरात बुखारेस्टहून हुकूम आला, सगळी जुनी रजिस्टरं काँप्युटरात घाला. एक यंत्र आलं, पाळण्यासारखं. त्यात रजिस्टर उताणं ठेवायचं, वरून दिवा सरकतो, घर्र असा आवाज येतो आणि शेवटी टक्. यंत्राबरोबर सिल्वेस्त्रू आला. पूर्वी जमीनमोजणीत नकाशे काढायचा, आता साठीला टेकलाय, खोकतो आणि बडबडतो.

ओर्तान्सा मॅडम पहिल्या दिवशी त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. ‘‘आत कपाटं करा.’’

‘‘आत कपाटं नसतात, मॅडम. नाव टाकलं की पान सापडतं.’’

‘‘सापडतं म्हणजे कुठे सापडतं? कुठल्या फळीवर?’’

शेवटी त्याने त्यांच्यासाठी आत कपाटं केली. कपाट एक, फळी एक, फळी दोन. मग त्या म्हणाल्या, काँप्युटरात गेलेलं प्रत्येक पान कागदावर काढा, म्हणजे आत काय गेलं याचा पुरावा राहील. तो कागद मी शिवायचा, आकडे घालायचे, सील करायचं. कागद वाचवायला यंत्र आलं आणि माझं शिवणकाम दुप्पट झालं.

‘‘तांती,’’ सिल्वेस्त्रू म्हणाला. मला सगळं ऑफिस तांतीच म्हणतं, मावशीसारखं. ‘‘तांती, हे काँप्युटर पण एकदाचं शिवून टाक. भोकं मी पाडून देतो.’’

‘‘आधी तुझं तोंड शिवते. ते सोपं आहे.’’

मॅडम काँप्युटरातल्या रजिस्टरांना ‘तिसरी प्रत’ म्हणायच्या. कुणाला ते खटकलं नाही. दोन होत्या, आता तीन. आणि प्रती म्हटलं की ताळा आला. दहा ते बारा आम्ही ताळा करायचो. मी कागद वाचायची, सिल्वेस्त्रू पडदा वाचायचा.

३

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. १९३८चं रजिस्टर, पान अडतीस.

‘‘हारालाम्बिये,’’ मी वाचलं. ‘‘मुलगा. बापाचा धंदा मधमाश्या. लग्नाचा शेरा एक. बाकी समास कोरा.’’

‘‘कोरा कुठे? लग्नाखाली ‘मयत’ आहे. तारीख नाही.’’

‘‘चष्मा पूस.’’

‘‘तूच ये.’’

मी गेले. पडद्यावर लग्नाच्या शेऱ्याखाली शब्द होता. अक्षर माझं. माझ्या ‘म’ची पहिली रेघ जरा खाली उतरते, पट्टीने कितीही मारलं तरी ती सुधारली नाही. तीच रेघ. पुढे तारखेची जागा मोकळी, मी सोडते तेवढीच.

मी टेबलावर परत येऊन कागद पाहिला. कोरा. बोट फिरवलं. शाई बसली की कागद किंचित खरखरतो. इथे गुळगुळीत होता. आणि हारालाम्बियेला मी त्याच सकाळी पावाच्या दुकानात पाहिलं होतं, पाव कच्चा म्हणून भांडत होता.

मी स्वतःला सांगितलं, दुसऱ्या पानाची शाई उमटली असेल, दिव्याने. सिल्वेस्त्रूने पान परत ठेवलं. घर्र, टक्. शब्द तिथेच.

मॅडम आल्या. कागद पाहिला, पडदा पाहिला. त्यांना काहीच विचित्र वाटलं नाही, तेच मला आज सगळ्यात भयंकर वाटतं. ‘‘लेओंतिना, तू मुळात लिहायला विसरलीस.’’

‘‘अहो, तो जिवंत आहे.’’

‘‘ते मी विचारलं नाही. नकलेत मुळापेक्षा जास्त असतं कसं? सव्वीस वर्षांत पाहिलंस कधी? नक्कल मुळावरूनच होते. नकलेत आहे आणि मुळात नाही, म्हणजे मूळ अपुरं आहे. पुरं कर.’’

‘‘यंत्र चुकलं असेल, मॅडम,’’ सिल्वेस्त्रू म्हणाला.

‘‘यंत्राला लेओंतिनाचं अक्षर कुठून येणार?’’

मी दौत उघडली. ती शाई राजधानीहून सील होऊन येते, काळी, वास औषधासारखा. मी लिहिलं. लिहिताना म्हटलं, एक शब्द आहे, म्हाताऱ्याला काय बोचणार आहे.

तिसऱ्या दिवशी त्याचा दाखला आला. मधमाश्यांच्या पोळ्यांपाशी वाकला तो उठलाच नाही. शहाऐंशी वर्षांचा होता. शहाऐंशी वर्षांची माणसं मरतात, असं मी घरी जाताना मोठ्याने म्हटलं. रस्त्यातल्या कुत्र्याने वळून पाहिलं.

४

दुसरी वेतुरिया, पोस्टात होती. १९४९, पान बारा. पडद्यावर मयत, कागदावर काही नाही. या वेळी मी मॅडमना कागद दाखवलाच नाही. रजिस्टर बांधलं आणि खालच्या फळीवर ढकललं.

रोज येताजाता तिच्या खिडकीखालून जायची. ती बसलेली असायची, मांजर मांडीवर. ‘‘काय गं लेओंतिना, माझ्या घरावरून वाट वळवलीस का हल्ली?’’ असं विचारायची. आठ दिवस, नऊ दिवस. खणखणीत होती. दहाव्या दिवशी मॅडमनी तफावतीची यादी मागितली, त्यात ती सापडली आणि मला सगळ्यांसमोर झापलं. मी लिहिलं. हात जड झाला होता, शब्द मात्र नेहमीसारखाच सुरेख आला.

दोन दिवसांनी दुपारी खिडकीत नुसतं मांजर होतं.

मी फार शिकलेले नाही, पण हिशेब कळतो. शब्द नुसता पडद्यावर होता तोवर नऊ दिवस काही झालं नाही. मी लिहिलं आणि झालं. मारत असेल काही, तर तो पडदा नाही. माझा हात आहे. नंतर पुन्हा म्हणायची, वेडी आहेस, तिला रक्तदाब होता. भांडी घासताना ‘वेडी आहेस’ म्हणायची आणि हात साबणाने पुन्हा पुन्हा धुवायची.

‘‘कातडी काढणार आहेस का?’’ आग्लायाने विचारलं.

आग्लाया माझी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते. सिगरेट ओढते, चुलीपाशी बसून मिरच्या भाजते आणि मी करीन त्याला नावं ठेवते. मला आई आठवत नाही. आठवते ती हीच, आठ वर्षांची, मला कडेवर घेऊन पाण्याच्या रांगेत उभी असलेली.

५

१९६८चं रजिस्टर निघणार हे मला माहीत होतं. मी सकाळपासून पाणीही प्यायले नव्हते.

पान एकाहत्तर. मी वाचलं, ‘‘आग्लाया. मुलगी. लग्न. नवऱ्याच्या मृत्यूने विधवा. बाकी कोरा.’’

यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता. सिल्वेस्त्रूने खोकला दाबला.

‘‘वाच ना.’’

‘‘तांती, जेवून घेऊ या का आधी?’’

मला जागेवरून उठायची गरज नव्हती. तरी उठले. माझं अक्षर, माझा ‘म’, आणि तारखेची मोकळी जागा.

मी मॅडमच्या टेबलापाशी गेले आणि सांगितलं, ‘‘हे मी लिहिणार नाही. नोकरीवरून काढा.’’

‘‘मग मी लिहिते,’’ त्या म्हणाल्या आणि पेन उचललं. हात इतका कापला की शाईचा थेंब त्यांच्या बाहीवर पडला. त्यांनी पेन ठेवलं. ‘‘नाही, चालणारही नाही. ज्या हातचा शेरा, त्याच हाताने मूळ पुरं करायचं असतं.’’

दुसऱ्या दिवशी मी आग्लायालाच घेऊन गेले. ओळखपत्र, चांगला कोट, केस विंचरलेले. ती मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘नमस्कार. मी मेलेली. बसू का?’’

‘‘बसा,’’ मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या. ‘‘बाई, मला दिसताय तुम्ही. पण माझं दिसणं मी कुठल्या फाइलीला लावू? एका नावाला एका प्रतीत कोरा समास, दुसरीत भरलेला. डिसेंबरात मी निवृत्त होतेय. एकदा, तरुणपणी, माझ्या हातून एक पान गहाळ झालं होतं. त्या पानापायी एका माणसाला नऊ वर्षं स्वतःच्या घरात राहता आलं नाही, कारण तो जन्मलाच नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे तफावत राहत नाही.’’

‘‘मग पुसा ना ते काँप्युटरातून.’’

‘‘नोंद पुसत नसतात. रद्द करतात. तांबड्या शाईने आडवी रेघ, बाजूला ‘रद्द’, सही, शिक्का. तेवढं मी आनंदाने करते. पण रद्द करायला शेरा आधी मुळात असावा लागतो. लेओंतिना, तू आधी लिही. लगेच खोडू. शाई वाळायच्या आत.’’

आग्लाया माझ्याकडे वळली. ‘‘लिही की गं. दोन मिनिटं मेले तर काय बिघडतंय? मिरच्या भिजत घालून आलेय.’’

तिला मी हारालाम्बियेचं सांगितलं नव्हतं. वेतुरियाचंही नाही.

‘‘चल घरी,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे मी मेलेलीच राहू?’’

‘‘चल म्हणते ना.’’

६

दहा दिवसांपैकी सहा गेले. सातव्या दिवशी सकाळी मॅडमनी जिल्ह्याला फोन लावला, दुसऱ्या प्रतीत काय आहे ते विचारायला. मी म्हटलं, माझ्यासमोर लावा, मोठ्या आवाजात. माझी आशा तीच होती. दुसरी प्रत कोरी निघाली तर दोन विरुद्ध एक.

जिल्ह्याची बाई सूर्यफुलाच्या बिया खात होती, टरफलं थुंकल्याचा आवाज येत होता. रजिस्टर टेबलावर आपटलं.

‘‘पान एकाहत्तर. आहे की शेरा. छान अक्षरात. तारीख तेवढी राहिलीय, ती आज भरणार म्हणाली.’’

‘‘कोण म्हणालं?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘तुमचीच बाई. सप्टेंबरापासून तुम्ही पाठवताय ना, शेरे लिहायला. फार शांत आहे, कामापुरतंच बोलते. निळा झगा, बोटात अंगुस्तान. लेओंतिना.’’

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर ऑफिसचा निळा झगा होता आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिवणाचं अंगुस्तान.

‘‘लेओंतिना मी आहे,’’ मी फोनमध्ये ओरडले. ‘‘मी इथे उभी आहे!’’

पलीकडे बाई हसली. ‘‘मग आता वाचनखोलीत बसलीय ती कोण?’’

सिल्वेस्त्रूने खुर्चीवरचा माझा कोट उचलून माझ्या अंगावर टाकला. ‘‘साडेदहाची छोटी बस आहे. पळ, तांती.’’

बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि बुद्धीला कामाला लावलं. कुणीतरी सोंग घेतलंय. पगार उकळायला कुणीतरी माझं नाव लावलंय. अशा बायका असतात. मी तिची वेणी धरून बाहेर ओढणार होते. हे मी शेजारणीलाही सांगितलं, ती उठून पुढे जाऊन बसली.

७

जिल्ह्याची इमारत लांबट आहे. एक बोळ, दोन्हीकडे दारं, जमिनीवर हिरवं लिनोलियम, त्यावर माझ्या बुटांचा चिकट आवाज. बियावाली बाई पुढे. वाचनखोलीच्या दाराला जाळीची काच होती. तिने कडी ओढली.

‘‘आतून लावलं वाटतं. थांबा, किल्ली आणते.’’ ती गेली.

मी काचेला तोंड लावलं.

खोलीत ऊन होतं. लांब टेबल, त्यावर एकच रजिस्टर, आणि माझ्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. निळा झगा. उजव्या कोपरावर ठिगळ, उशीच्या अभ्र्याचं, पट्ट्यापट्ट्यांचं. आमच्याकडचा निळा दोरा संपला होता म्हणून आदल्या रविवारी आग्लायाने माझ्या झग्याला ते तांबड्या दोऱ्याने लावलं होतं. मी कोटाच्या आत हात घालून कोपर चाचपलं. माझं ठिगळ माझ्या अंगावर होतं. तिचेही टाके तांबडेच होते.

मी दार बडवलं. ती हलली नाही. निबाचा आवाज मात्र काचेतून येत होता, कागदावर नखाने ओरखडल्यासारखा. मग तिने पेन दौतीवर आडवं ठेवलं, टोक भिंतीकडे करून, मी ठेवते तसं. मान वर करून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तारीख बघत होती.

तिने पुन्हा पेन उचललं.

सोंगाचं वगैरे सगळं माझ्या डोक्यातून उडालं. उरलं ते बारा वर्षं ऐकलेलं एकच वाक्य. एका प्रतीत जे झालं ते दुसरीत झालंच पाहिजे.

माझ्या उजवीकडे तळघराचं लोखंडी दार होतं, आगीपासून राखायला असतं ते, अर्धवट उघडं. मी अंगुस्तान काढून खिशात टाकलं. उजवा हात चौकटीवर ठेवला, बोटं पसरून. डाव्या हाताने दार धरलं आणि सगळं अंग मागे टाकलं.

आवाज आधी आला. कळ नंतर आली. ओरडले मीच असेन, पण नजर काचेवरून काढली नाही. आतलं पेन थांबलं. पडलं नाही. तिने ते डाव्या हाताने उजव्या हातातून सोडवून घेतलं, हळूच दौतीवर ठेवलं, आणि मान वळवायला लागली. मला तिचा कान दिसला. लहानपणी बाळी ओढली जाऊन माझ्या कानाची पाळी फाटली होती, ती फाट दिसली. गालाचा थोडा भाग दिसला. पुढचं दिसायच्या आत बियावाली बाई धावत आली, तिने मला धरलं, किल्ली पडली, उचलली, दार उघडलं.

खोली रिकामी होती.

‘‘गेली वाटतं पलीकडून,’’ बाई म्हणाली.

‘‘पलीकडे दार आहे?’’

तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. ‘‘नाही.’’

मी डाव्या हाताने रजिस्टर जवळ ओढलं. पान एकाहत्तर. मयत. तारखेच्या जागी एकच उभी रेघ होती, कुठल्यातरी आकड्याची सुरुवात. शाई ओली होती.

८

तीन बोटं मोडली, अंगठ्याचं हाड चुरलं. डॉक्टर म्हणाला, हा हात सुईपेन्सिलीला विसरा. मी म्हटलं, विसरले. कितीतरी दिवसांत मी अशी झोपले नव्हते.

आग्लाया घरभर मला शिव्या देत फिरत होती. ‘‘सव्वीस वर्षं दारं उघडतेस-लावतेस आणि आत्ता हात घातलास? म्हातारी झालीस तू. आ कर.’’ आणि तोंडात झाकुस्का, भाजलेल्या मिरच्या-वांग्यांची चटणी, लावलेला पाव.

पाचव्या दिवशी मॅडम भेटायला आल्या. फळं आणली. कागदही आणले, कोरे. ‘‘तो शेरा माझा नाही असं लेखी दे. काय झालं ते सगळं लिही. स्वतःच्या हाताने लिहिलेलं हवं, नाहीतर ग्राह्य धरता येत नाही. ते मी तिन्ही प्रतींना जोडते आणि विषय कायमचा बंद करते.’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरंच मदत करायची होती.

‘‘हात कुठे आहे लिहायला?’’

‘‘डावा आहे ना.’’

मला पटलं. का नाही पटणार? माझंही अर्धं आयुष्य कागदातच गेलंय. जे कागदावर नाही ते घडलं नाही, असंच मीही मानते. शाईला शिवणार नाही एवढं मात्र ठरवलं. पानांवर आकडे घालायची पेन्सिल घेतली आणि लिहायला बसले. रोज जेवण झाल्यावर, खिडकीपाशी, दोन-दोन पानं. आज सातवा दिवस.

आज सकाळी उठले तेव्हा डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला काळं लागलेलं होतं. शिसं असेल म्हणून धुतलं. निघेना. वास घेतला. औषधासारखा.

दुपारी सिल्वेस्त्रूचा फोन आला. बडबड नाही, थट्टा नाही. ‘‘तांती, ते एकाहत्तरावं पान. पडद्यावर तारखेच्या जागी काहीतरी आलंय.’’

‘‘कुठली तारीख?’’

‘‘कळत नाही. पोराने गिरवल्यासारखं आहे, वाकडंतिकडं. काल नुसता गिचमिडा होता. आज त्यातला पहिला आकडा लागतोय. बाकीचं नाही लागत. अजून नाही लागत.’’

मी फोन ठेवला आणि ही सगळी पानं टेबलावर ओळीने मांडली, ताळा करायला मांडतात तशी. पहिल्या पानावरची अक्षरं एकमेकांवर पडलेली आहेत. तिसऱ्यावर ओळ धरलीय. पाचव्यावर ‘म’ ओळखू येतो, त्याची पहिली रेघ जरा खाली उतरलेली. सहा दिवस मी या हाताला शिकवत होते. मी एकटीच शिकत नव्हते.

मी हे लिहीत असताना आग्लाया आत्ता मागे येऊन उभी राहिली. सिगरेटचा वास आला. तिने खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अगं बाई, किती छान यायला लागलं गं तुझं अक्षर!’’

मॅडमना एवढंच मिळेल. सहीसुद्धा करणार नाही.

मी आग्लायाला विचारलं, उद्यापासून सगळंच भरवावं लागलं तर भरवशील का? पाणीसुद्धा. केसही विंचरावे लागतील.

‘‘न भरवायला काय झालं,’’ ती म्हणाली. ‘‘लहानपणी काय दुसऱ्या कुणी भरवलं होतं?’’ आणि मिरच्या बघायला गेली.

आमच्या घरात लोखंडी दार नाही. पण तळघराचं झाकण ओकच्या लाकडाचं आहे, आणि ते आम्हाला दोघींना मिळून उचलावं लागतं. आत्ता ते उघडं आहे, बरण्या खाली न्यायच्या म्हणून. टेकू लावलाय. तो पायानेही पडेल.

पेन्सिल ठेवते.